तारवाची मोजणी

"सहा आठवडे एक अक्षरही वाचायचं नाही," असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा सासरेबुवांनी आधी घासाघीस करून पाहिली.

"सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस झाले. चाळीसवर मिटवा."

"आजोबा, हा भाव करायचा विषय नाही."

"शास्त्रात चाळीसच असतात," सासरेबुवा म्हणाले. "कुठेही उघडून बघा. बेचाळीस कोणी करत नाही."

डॉक्टरांनी बेचाळीसच लिहून दिले. वर काळा चष्मा दिला, वाकू नका, वजन उचलू नका, शिंकायचं झालं तरी बेताने शिंका, असं बजावलं आणि सासरेबुवांना त्यांच्या लेकीच्या स्वाधीन केलं. लेकीने त्यांना आपल्या घरी आणून आपल्या नवऱ्याच्या स्वाधीन केलं. खरी भानगड इथून सुरू झाली, कारण तिचा नवरा म्हणजे तराजूसाहेब.

तराजूसाहेब हे गल्लीने ठेवलेलं नाव. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानात जाऊन वजनं तपासायची, झिजलेली जप्त करायची, बरोबर असतील त्यांच्यावर सरकारी शिक्का ठोकायचा, हे काम त्यांनी बावीस वर्षं इतक्या निष्ठेने केलं होतं की 'सुमारे' हा शब्द त्यांच्या घरात कोणी उच्चारत नसे. दूध 'लिटरभर' नसायचं, ते एक लिटर असायचं किंवा नसायचं. अशा माणसाला रोज सकाळी सहा वाजता सासऱ्यांना बायबल वाचून दाखवायची वेळ आली.

सासरेबुवा जन्मभर सुतारकी केलेले. एक डोळा तरुणपणीच लाकडाच्या ढलपीने गेला होता, आणि आता उरलेल्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली होती. गेली एकतीस वर्षं ते रोज पहाटे तीन अध्याय वाचत, रविवारी पाच. जानेवारीत पहिल्या पानापासून सुरू केलेलं पुस्तक डिसेंबरात शेवटच्या पानावर संपायचं. ताप असो, पाहुणे असोत, खाडा नाही. बायको गेली त्या दिवशीही त्यांनी तीन अध्याय वाचले होते आणि मगच रडायला बसले होते.

"मी पावणेसहाला ड्यूटीवर निघते," तराजूसाहेबांची बायको स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाली. ती दवाखान्यात नर्स होती. "नाहीतर मीच वाचलं असतं. आणि ऐका, डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, डोळा परत येईलच असं नाही. बाबांना मी बोलले नाही. पण त्यांना कळलंय. कालपासून भिंतीवरून हात फिरवत आपल्या खोल्या पाठ करताहेत."

सासरे आणि जावई यांच्यात भांडण कधीच नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. सुताराच्या मते शिक्के मारणं हे काही हाताचं काम नव्हे, आणि निरीक्षकाच्या मते सुतार मंडळी पेन्सिल कानावर ठेवून अंदाजाने कापतात. या दोन मतांवर गेली एकोणीस वर्षं शांतता नांदत होती.

"कुठपर्यंत आलं होतं, बाबा?" पहिल्या सकाळी पुस्तक मांडीवर घेत त्यांनी विचारलं.

"कुठपर्यंत आलं होतं ते राहू द्या. वाचणारा नवा आहे, तर आरंभापासून घ्या."

तराजूसाहेबांनी पहिला अध्याय साडेतीन मिनिटांत संपवला. दुकानाच्या तपासणीचा अहवाल साहेबांपुढे वाचतात तसा, मान वर न करता, पूर्णविरामावर न थांबता.

"जावईबापू," सासरेबुवा म्हणाले, "जग निर्माण होतंय. एवढं उरकू नका."

"वाचलं की सगळं."

"वाचलंत. पण प्रकाश आला कधी ते मला कळलंच नाही."

तराजूसाहेबांना हे लागलं. बावीस वर्षांत त्यांच्या अहवालावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून, मुद्दाम सावकाश वाचायला घेतलं. आणि सावकाश वाचताना एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. रोजचं काम रोज संपतंय. संपलं की ते तपासलं जातंय. तपासून झालं की 'चांगलं आहे' असा शेरा पडतोय. मगच दिवस मावळतोय. बावीस वर्षांच्या नोकरीत इतकं चोख काम त्यांनी कुठल्याच कार्यालयात पाहिलं नव्हतं. ते तसं म्हणालेही. सासरेबुवांनी काळ्या चष्म्याआडून त्यांच्या दिशेने मान वळवली आणि "हं," एवढंच केलं. पण ते 'हं' नेहमीचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाचव्या अध्यायात नुसती वयं आली. अमका इतक्या वर्षांचा असताना त्याला अमका झाला, पुढे तो इतकी वर्षं जगला, मग मेला. बहुतेक लोक हा अध्याय डोळ्यांखालून घालतात. तराजूसाहेबांसमोर आकडे आले आणि बेरीज न करता पुढे जायचं, हे त्यांच्याने होणं शक्य नव्हतं. त्यांनी वर्तमानपत्राच्या समासात पेन्सिलने आकडेमोड सुरू केली, आणि एका आकड्यासाठी दोन पानं पुढेही डोकावून आले. सासरेबुवा चहा निववत बसून राहिले.

"बाबा," बऱ्याच वेळाने तराजूसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "हा सगळ्यात जास्त जगलेला म्हातारा आहे ना, नऊशे एकोणसत्तर वर्षांचा... तो ज्या वर्षी मेला, त्याच वर्षी जलप्रलय आला."

"असं कुठे लिहिलंय?"

"लिहिलं नाहीये. बेरीज तशी येतेय."

"पुन्हा करा."

त्यांनी पुन्हा केली. मुलगा झाला तेव्हा म्हातारा एकशे सत्त्याऐंशीचा, नातू झाला तेव्हा मुलगा एकशे ब्याऐंशीचा, आणि पाणी आलं तेव्हा नातू सहाशेचा. नऊशे एकोणसत्तर. एक वर्षसुद्धा इकडे नाही की तिकडे नाही. सासरेबुवांनी कप खाली ठेवला.

"एकतीस वेळा वाचलंय मी हे," ते म्हणाले. "म्हणजे पाणी त्याच्यासाठी थांबलं होतं की काय?"

त्या दिवशी पुढे काही वाचून झालं नाही. तराजूसाहेब कार्यालयात गेले, पण किराणा दुकानातल्या पाच किलोच्या वजनाकडे बघताना त्यांच्या अंगावर काटा आला आणि दुकानदार उगाच घाबरून दुसरं वजन काढून द्यायला लागला.

तिसऱ्या दिवशी सहावा अध्याय आला, आणि तिथे ते जे अडकले ते अडकलेच. कारण तिथे जलप्रलयातून वाचायला देवाने त्या म्हाताऱ्याच्या नातवाला बांधायला सांगितलेलं तारू, म्हणजे भलं मोठं जहाज, आलं, आणि तारवाची मापं आली. लांबी तीनशे हात, रुंदी पन्नास हात, उंची तीस हात.

"हात म्हणजे कुणाचा हात?" तराजूसाहेबांनी विचारलं.

"बांधणाऱ्याचा. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. आमचे आजोबा असंच मोजायचे."

"पण याला प्रमाण काय? माणसामाणसाचा हात वेगळा."

सासरेबुवांनी बाही सारून हात पुढे केला. तराजूसाहेबांनी पोलादी टेप लावला. भरले शेहेचाळीस सेंटिमीटर. मग त्यांनी स्वतःचा हात मोजला. साडेत्रेचाळीस. या अडीच सेंटिमीटरांनी सासरेबुवांना जो आनंद झाला, तो लेकीच्या लग्नातही झाला नसावा.

"अहो, अडीच सेंटिमीटर म्हणजे तीनशे हातांना साडेसात मीटरचा फरक पडतो!" तराजूसाहेब हवालदिल झाले. "तुमच्या हाताने एकशे अडतीस मीटर, माझ्या हाताने एकशे साडेतीस. मधल्या जागेत दोन खोल्या बसतात!"

"मग सुताराचा हात धरा. तारू सुतारांनी बांधलं, इन्स्पेक्टरांनी नाही."

तो हात धरला गेला. तराजूसाहेबांनी लाकडाची एक पट्टी बरोबर शेहेचाळीस सेंटिमीटरला कापली, कड घासली, आणि सवयीने तिच्यावर 'प्रमाण हात' असं लिहून खाली तारीख घातली. सरकारी शिक्का ड्रॉवरमध्ये होता. हात तिकडे गेलाही होता. पण तो गैरवापर ठरला असता, म्हणून त्यांनी मोह आवरला. हे सांगून ठेवतो, कारण पुढे त्यांच्यावर जे जे आरोप झाले त्यात हाही एक होता.

त्या सकाळी सासरेबुवांनी ती पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांनी चाचपली. मग म्हणाले, "जावईबापू, मी आयुष्यात सगळ्यात मोठं केलेलं काम म्हणजे एक जिना. बावीस पायऱ्यांचा. एकशे अडतीस मीटर म्हणजे केवढं, मला दिसत नाही. आता दिसत नाही ते सोडा. डोळा होता तेव्हाही दिसलं नव्हतं. तीनशे हात, तीनशे हात म्हणत पुढे वाचत गेलो."

शनिवारी सुट्टी होती. सकाळी सात वाजता तराजूसाहेब पट्टी घेऊन गल्लीत उतरले.

गल्ली सरळ होती, दीडशे मीटरांची, आणि तारू सरळच असणार होतं. टेपने हे काम दहा मिनिटांत झालं असतं, पण सासरेबुवांनी वरून सांगून ठेवलं होतं की हाताचं माप हातानेच मोजा. तेव्हा तराजूसाहेब इस्त्रीच्या विजारीत गुडघ्यांवर बसले आणि पट्टीपुढे पट्टी ठेवत, मोठ्याने आकडे म्हणत, रांगत निघाले.

एकशे सतराव्या हातावर पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर भेटले. "साहेब, काय हरवलं?" असं म्हणून तेही खाली वाकले. त्यांना वाकलेलं पाहून दूध घेऊन येणाऱ्या दोन बाया वाकल्या. आकडा बोलत असताना दुसरं बोलायची सोय नव्हती, म्हणून तराजूसाहेबांनी नुसती मान हलवली, तिचा अर्थ 'हो' असा घेतला गेला, आणि पाच मिनिटांत गल्लीतली सात माणसं डांबरावर नजर लावून फिरायला लागली. एका बाईंना शर्टाचं एक बटण सापडलं. त्यांनी ते आणून तराजूसाहेबांच्या तळहातावर ठेवलं. "मिळालं बघा!" सगळ्यांना इतकं समाधान वाटलं की ते नाकारणं तराजूसाहेबांच्या जिवावर आलं. त्यांनी आभार मानले, बटण खिशात टाकलं, आणि आकडा विसरले. पुन्हा एकपासून सुरुवात.

दुसऱ्या खेपेला शहाणपण सुचलं. दर पंचवीस हातांवर खूण करायची. खडूच्या खुणा एका सायकलच्या चाकाने पुसल्या, तेव्हा त्यांनी खिडकीच्या गजांना लावून उरलेला हिरवा ऑइल पेंट आणला. जे करायचं ते पक्कं, हा खात्याचा बाणा. तारवाची लांबी कोपऱ्यावरच्या दुकानापासून सुरू होऊन शिंप्याचं दुकान ओलांडून, गल्लीच्या तोंडाशी बारा मीटर उरवून संपली.

मग रुंदीचा प्रश्न आला. पन्नास हात म्हणजे तेवीस मीटर, आणि गल्ली होती सहा मीटर. उरलेले सतरा मीटर जाणार कुठे? साडेआठ डावीकडच्या घरांत, साडेआठ उजवीकडच्या. घराघरात शिरून मोजणं बरं दिसलं नसतं, म्हणून त्यांनी दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आत दाखवणारे बाण काढले आणि त्यावर लिहिलं, 'ता. ८.५'. 'ता' म्हणजे तारू. दुसरं काय असणार?

गल्लीने वाचलं, ताबा.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी सगळ्यात आधी ओळखलं. ते बँकेतून निवृत्त झाले होते आणि कागद आणि भिंत यांवरचा कुठलाही मजकूर ते दोनदा वाचत. "रुंदीकरण," ते म्हणाले. "साडेआठ मीटर आत. आणि मोजायला कोणाला पाठवलं? आपल्यातल्याच माणसाला. म्हणजे आपण गाफील राहावं."

दुपारपर्यंत गल्लीच्या तोंडचं पाणी पळालं. दातांच्या डॉक्टरांनी पाटी उतरवून ठेवली. तळमजल्यावरच्यांनी कुंड्या आत घेतल्या. शिंप्याचं दुकान सगळं मिळून चार मीटर खोल होतं, त्यामुळे साडेआठ मीटरांत ते पूर्ण जाऊन मागची मोरीही जात होती. त्याने निदान सहकार्य केल्याची नोंद व्हावी म्हणून दुकानापुढचा पत्रा स्वतःच्या हाताने उतरवला. मग तो उन्हात शिलाई मशीन घेऊन बसला आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे अशा नजरेने बघू लागला की लोक रस्ता बदलून जाऊ लागले.

तराजूसाहेबांनी समजावून सांगितलं नाही असं नाही. दारोदार जाऊन सांगितलं. पण "हे रुंदीकरण नाही, हे जहाज आहे" हे वाक्य कुठल्याही दारात उभं राहून म्हणून पाहा.

"जहाज," सेक्रेटरी म्हणाले. "आपल्या गल्लीत."

"म्हणजे आलं तर एवढं होईल."

"येणार कधी?"

"येणार नाही. येऊन गेलं. फार पूर्वी."

सेक्रेटरींनी हे शब्द तारखेसह टिपून घेतले. मग त्यांनी नगरपालिकेला अर्ज लिहिला आणि बँकेतल्या सवयीने 'माहितीसाठी प्रत' म्हणून तो आणखी पाच कार्यालयांना पाठवला. त्या पाचांत वजनमापे खातंही होतं.

सोमवारी नगरपालिकेचे कनिष्ठ अभियंता फाईल घेऊन आले. सज्जन, घामेजलेला माणूस. त्यांनी भिंतीवरचे बाण बघितले, नकाशा उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला.

"या गल्लीचं रुंदीकरण आमच्याकडे नाहीच," ते म्हणाले.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

"पण आता मोजणी झालीच आहे, तर रुंदीकरण का नाही, असं वरून विचारतील."

जीव पुन्हा भांड्याबाहेर आला. अभियंत्यांनी तराजूसाहेबांना सात दिवसांत सर्व खुणा स्वखर्चाने पुसून भिंती पूर्ववत करण्याची नोटीस दिली. सातव्या दिवशी आपण स्वतः बघायला येऊ म्हणाले.

तरी हे परवडलं. खरा घाव मंगळवारी बसला. त्यांच्याच खात्याचं, त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच शिपायाने आणून ठेवलेलं पत्र. 'आपण सार्वजनिक रस्त्यावर "हात" या अप्रमाणित व कालबाह्य मापाने मोजणी केल्याचे निदर्शनास आले आहे. सदर मापांच्या वापरास प्रतिबंध करणे हे आपलेच कर्तव्य असताना आपण असे का केले, याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा.'

ज्या कलमाखाली त्यांनी बावीस वर्षं दुकानदारांना घाम फोडला होता, ते कलम आज त्यांच्यावर लागलं होतं. आणि वाईट म्हणजे ते बरोबर लागलं होतं. इतकं बरोबर की त्यांना त्याचं मनातल्या मनात कौतुक वाटलं, आणि कौतुक वाटल्याचा आणखी अपमान वाटला. तीन वेळा खुलासा लिहून तीन वेळा फाडला. शेवटी एकच ओळ राहिली. 'मोजलेली वस्तू विक्रीसाठी नव्हती.'

घरी ते जेवले नाहीत. दुसऱ्या सकाळी पुस्तक उघडलं, पण सहाव्या अध्यायाच्या पुढे पान उलटेना.

"राहू द्या आज," सासरेबुवा म्हणाले. "लोक हसताहेत ना?"

"हसले असते तर चाललं असतं. घाबरलेत. शिंपी माझ्याशी बोलत नाही."

"पुढे तुमच्या खात्याचं पण येतं हो शास्त्रात. वजनं खरी असू द्या, मापं खरी असू द्या. देवाने स्वतः घातलेला नियम आहे."

"खरंच?" तराजूसाहेब ताठ बसले. मग पुन्हा सैल पडले. "म्हणजे मी तोही मोडला."

सातव्या दिवशी, रविवारी सकाळी, बादली, टर्पेंटाइनची बाटली आणि जुनी बनियन घेऊन ते खाली उतरले. हिरवा पेंट उत्तम प्रतीचा होता. एक बाण निघायला बारा मिनिटं लागत होती. गल्ली हाताची घडी घालून बघत उभी होती. सेक्रेटरी होते, दातांचे डॉक्टर होते, पत्र्याविना शिंपी होता, आणि फाईल बगलेत धरून कनिष्ठ अभियंता होते. तराजूसाहेबांनी आयुष्यात इतकी माणसं आपल्या पाठीकडे बघत असलेली अनुभवली नव्हती.

तेवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज आला. बायकोने वडिलांचा हात धरून त्यांना खाली आणलं होतं. पाळी बदलून घेऊन ती त्या दिवशी घरी होती.

"पुसलं का सगळं?" सासरेबुवांनी विचारलं.

"भिंतींवरचं झालं. रस्त्यावरचं राहिलंय."

"मग थांबा. मला एकदा चालू द्या."

त्यांनी तराजूसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच. दोघं कोपऱ्यावरच्या दुकानापाशी जाऊन पहिल्या हिरव्या खुणेवर उभे राहिले आणि चालू लागले.

सासरेबुवा हळू चालत. दर खुणेला तराजूसाहेब सांगत, "पंचवीस हात. पन्नास." सुरुवातीला सुताराचा चेहरा कामावरचा होता, मान थोडी तिरकी, जणू फळी तपासतोय. शंभरावर त्यांनी विचारलं, "अजून आहे?" दीडशेवर तराजूसाहेब म्हणाले, "निम्मं." सासरेबुवा थांबले.

"निम्मंच?"

"हो."

"एवढ्या लांबीच्या फळ्या नसतात हो. किती ठिकाणी जोड द्यावा लागेल. आणि प्रत्येक जोडातून पाणी येऊ शकतं." ते हे कोणालाच उद्देशून म्हणाले नाहीत.

शिंप्याच्या दुकानापाशी शिंपी आपण होऊन म्हणाला, "इथे माझं दुकान आहे, आजोबा. इथून पुढे अजून बरंच आहे." आणि तो मागून चालू लागला. मग दातांचे डॉक्टर आले. मग बटण सापडलेल्या बाई. तीनशेव्या हातावर पोचेपर्यंत मागे दहाबारा माणसं होती आणि अभियंत्यांनी चालता चालता पावलं मोजून ओठांतल्या ओठांत गुणाकार केला होता.

"ही लांबी," तराजूसाहेब म्हणाले. "रुंदीला ही दोन्हीकडची घरं आत घ्या. शिंप्यांचं दुकान अख्खं आत, तुम्ही झोपता ती खोलीही आत."

"आणि उंची?"

उंची कशी दाखवायची याचा विचार त्यांनी केलाच नव्हता. पण बायको केव्हाच निघून गेली होती. "बाबा!" अशी हाक आली. ती दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत होती. सासरेबुवांनी आवाजाकडे तोंड केलं. "इथे नाही बाबा, अजून वर!" थोड्या वेळाने तिसऱ्या मजल्यावरून हाक आली. मग गच्चीवरून. दर वेळी सासरेबुवांची हनुवटी थोडी वर उचलली जाई. "अजून वर!" शेवटची हाक पाण्याच्या टाकीपाशी चढून मारलेली होती, बारीक झालेली, वाऱ्यात विरत गेलेली. "इथपर्यंत, बाबा!"

धुक्याशिवाय काही न दिसणाऱ्या त्या डोळ्याने सासरेबुवा वर बघत राहिले. त्यांच्याबरोबर सगळी गल्ली वर बघत राहिली. रोजचीच घरं होती, रोजचीच टाकी होती, वाळत घातलेले कपडे होते. पण कोपऱ्यापासून तोंडापर्यंत, त्या भिंतीपासून या भिंतीपर्यंत, आणि वर त्या बारीक हाकेपर्यंत, एक प्रचंड पोट त्यांच्या डोक्यावर वाकलेलं आहे आणि आपण त्याच्या सावलीत उभे आहोत, असं एकदम सगळ्यांनाच वाटलं.

"एका घरची माणसं होती," सासरेबुवा शेवटी म्हणाले. "बाप आणि तीन मुलगे. चार सुतार. नदी जवळ नाही, ढग नाही. आणि हे असं..." त्यांनी दोन्ही हात पसरले. ते काही मोजत नव्हते. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

कनिष्ठ अभियंत्यांनी फाईल उघडून पेन काढलं, थोडं थांबले आणि विचारलं, "मग पुढे काय झालं? पाणी आलं का?"

"अजून तिथपर्यंत वाचलं नाही आम्ही," तराजूसाहेब म्हणाले. "उद्या सकाळी सहाला वाचू."

रस्त्यावरच्या खुणा त्या दिवशी पुसल्या त्या शिंप्याने आणि डॉक्टरांनी मिळून. सेक्रेटरींनी बादली धरली. फाईलवर 'प्रत्यक्ष पाहणीत बांधकाम आढळून आले नाही' असा शेरा पडला. खात्याकडूनही उत्तर आलं. खुलासा मान्य झाला होता, खाली वरिष्ठांच्या हस्ताक्षरात एक सूचना होती, 'यापुढे अशी जहाजे मेट्रिक पद्धतीने मोजावीत.' आणि सासरेबुवांचा डोळा पुढे आला, पण अर्धाच आला. माणसं, दारं, झाडं दिसू लागली, बारीक अक्षरं दिसली नाहीत ती नाहीतच. त्यामुळे वाचनाचं काम तराजूसाहेबांकडे कायम झालं. पण हे सगळं नंतरचं.

सोमवारी सहाला पाच मिनिटं असताना दार वाजलं. शिंपी आत आला आणि भिंतीला टेकून खाली बसला. दातांचे डॉक्टर आले. सेक्रेटरी वही घेऊन आले. कनिष्ठ अभियंता, ज्यांचं कार्यालय साडेदहाला उघडतं, तेही आले आणि चपला काढून दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर टेकले. तराजूसाहेबांनी सातवा अध्याय काढला. एवढ्या माणसांसमोर त्यांनी कधी वाचलं नव्हतं. प्राणी जोडीजोडीने आत गेले. बाप गेला, मुलगे गेले, त्यांच्या बायका गेल्या. पाऊस सुरू झाला. आणि मग एक लहानसं वाक्य आलं, ज्यावरून तराजूसाहेब पुढे गेले आणि परत मागे आले.

"काय झालं?" सासरेबुवांनी विचारलं.

"दार लावलं गेलं, असं लिहिलंय."

"मग, लावायलाच हवं. त्यांनी आतून कडी घातली असेल."

"नाही, बाबा. त्यांनी नाही लावलं." तराजूसाहेबांनी ओळीखाली बोट धरलं होतं. "ते आत गेल्यावर देवाने बाहेरून लावलं."

सासरेबुवांनी मान घराच्या दाराकडे वळवली. या माणसाने आयुष्यभर दारं बसवली होती. घरांची, गोदामांची, शाळांची, दवाखान्यांची. बिजागरी कुठे कुरकुरते आणि फळी कुठे फुगते, हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं.

"केवढं दार असेल," ते म्हणाले. "हत्ती गेले त्यातून. चार माणसांना ते आतून ओढताच आलं नसतं. बांधलं त्यांनी सगळं, पण शेवटचं दार..." पुढे त्यांना शब्द मिळाला नाही. त्यांचा उजवा हात हवेत उचलला गेला होता, तळवा पुढे, एखादं जड दार जपून, आवाज न करता लोटावं तसा. तो तसाच राहिला.

सेक्रेटरींनी वही उघडली होती, पण काही लिहिलं नाही. शिंप्याने मान खाली घातली. दातांच्या डॉक्टरांकडे सात वाजता पेशंट येणार होता.

तीन अध्याय व्हायचे होते, अजून पहिलाही पुरा झाला नव्हता. तराजूसाहेबांनी त्या ओळीवर खूण घालून पुस्तक हलकेच मिटलं. कोणी उठलं नाही.